मुहूर्तावर ठरलेला समुद्र

चुडाव्यापासून समुद्र गाठायचा तर पश्चिमेला जा नाहीतर पूर्वेला, नकाशावर सरळ रेघ मारली तरी साडेचारशे-पाचशे किलोमीटर भरतात. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं हे गाव. मनमाडहून नांदेडकडे निघालं की पूर्णा जंक्शन मागे पडतं, मग चुडावा, लिंबगाव आणि नांदेड. बहुतेक एक्सप्रेस गाड्या इथं न थांबता धडधडत पुढे जातात. पाणी म्हणायचं तर विहीर, बोअर, कालवा आणि जरा पलीकडे गोदावरी. अशा गावात एका घराच्या ओसरीवर नवरा मुलगा, त्याचा मावसभाऊ आणि दाजी, अंदमान समुद्र डिसेंबरात कसा असतो यावर हिरिरीनं बोलत होते. आजी शेंगा फोडता फोडता मध्येच विचारत होती, "तिथं देऊळ हाय का एखादं?"

संपादकांनी यंदा विषय दिला होता 'निवांत'. हिमालयातल्या आश्रमापासून कोकणातल्या पडवीपर्यंत बरंच सुचलं. पण निवांतपणाची खरी भूक मला नव्या लग्नाच्या जोडप्यात दिसते, आणि त्यातही एकत्र कुटुंबातल्या जोडप्यात. शहरातल्या मुलामुलींना लग्नाआधी भेटायला कॉफीची दुकानं असतात. इथं साखरपुडा झाला की फोन असतो, तोही रात्री गच्चीवर जाऊन, आवाज बारीक करून. आता अशी जोडपी मनालीवर न थांबता परदेशी निघाली आहेत. ती हे ठरवतात कसं, ते बघायला मी निघाले. ओळखीतून हे घर मिळालं. मुलगा नांदेडला एका बँकेत आहे, मुलगी परभणीला खासगी शाळेत गणित शिकवते. लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर. नावं छापायची नाहीत, एवढी एकच अट होती.

पंचांग आधी, नकाशा नंतर

प्रवासाची पुस्तकं सांगतात, आधी ठिकाण ठरवा, मग तिथला ऋतू बघून तारीख धरा. चुडाव्यात हे उलटं चालतं. तारीख गुरुजी काढतात. त्या तारखेला जगातला जो समुद्र शांत असेल, तो आपला.

काढीव मुहूर्त सोडले तर तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत लग्नं लागतात. या सात-आठ महिन्यांत पृथ्वीवरचे समुद्र आळीपाळीनं उघडतात आणि मिटतात. थायलंडचा पश्चिम किनारा, म्हणजे फुकेत आणि क्राबी, आपल्या कोकणासारखाच नैर्ऋत्य मोसमी पावसाचा. मे ते ऑक्टोबर तिथं लाटा आणि पाऊस, नोव्हेंबर सरता सरता आभाळ मोकळं. पण त्याच देशाच्या पूर्वेकडचं को सामुई बेट नेमकं तेव्हा भिजत असतं, कारण तिकडे पाऊस ईशान्येकडून येतो आणि नोव्हेंबर त्यांचा भर पावसाचा. एकाच देशात दोन समुद्र आणि दोघांची वेळ वेगळी! व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, दानांग आणि होई आनला, ऑक्टोबर ते डिसेंबर पुराचे दिवस. फेब्रुवारीपासून पुढे छान. बाली याच्या उलट. तिथं कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर, म्हणजे उन्हाळी लग्नांसाठी बाली. श्रीलंकेचा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च, आणि मे महिन्यात जायचं तर पूर्वेचं त्रिंकोमाली.

या घरचं लग्न नोव्हेंबरअखेरचं. पण लग्न झालं की लगेच बॅगा उचलल्या, असं होत नाही. सत्यनारायण, मग जागरण-गोंधळ, मग माहूरची रेणुका आणि तुळजापूर. "देवीच्या पाया पडल्याबिगर विमानात पाय ठेवायचा नाही," हे आजीचं वाक्य वाटाघाटीला बसत नाही. त्यात मुलीचं माहेरी जाणं-येणं. हे सगळं उरकेपर्यंत डिसेंबरचा मध्य येतो. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा त्या किनाऱ्यांवर सगळ्यात महाग. म्हणजे हातात राहिली दहा-बारा दिवसांची एक फट, आणि तेवढ्यातच बँकेची रजा आणि शाळेची रजा एकमेकींना भेटायला हवी.

दाजींचं म्हणणं होतं, मेमध्ये जा, हळद निघालेली असते, ऊस गेलेला असतो, शाळेला सुट्टी. शेताच्या दृष्टीनं बरोबर. पण पाच महिन्यांनी जाणं म्हणजे सहल झाली. नव्या संसारात त्या पाच महिन्यांत बरंच काही घडून गेलेलं असतं, आणि पाहुण्यांचे प्रश्नही सुरू झालेले असतात.

तांदळातलं नाव आणि तिकिटावरचं नाव

कागदपत्रांचा कारखाना चालतो तो गावातल्या सेवा केंद्रात. पीकविमा, सातबारा, शिष्यवृत्ती आणि आता पासपोर्ट. केंद्र चालवणारा पोरगा एका हातानं सोयाबीनचा विमा भरत दुसऱ्या खिडकीत परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडून बसलेला. ३६ पानी पासपोर्टचे १५०० रुपये, तत्काळ हवा तर आणखी २०००. दहावी पास असल्याचा कागद लावला की काही देशांत नोकरीला जाताना लागणारी स्थलांतर-तपासणीची अट सुटते, हे त्याला तोंडपाठ. २०१७च्या जानेवारीपासून टपाल खात्याच्या कार्यालयांत पासपोर्ट केंद्रं उघडायला लागली, त्यामुळे नांदेडच्या पोस्टातच बोटांचे ठसे आणि फोटो होतात. त्याआधी त्यासाठी लांबच्या मोठ्या शहरात मुक्कामानं जावं लागायचं.

पोलिस पडताळणी चुडावा ठाण्याची. फोन येतो, शेजारची दोन माणसं घेऊन या म्हणतात. शेजारची दोन माणसं जातात आणि संध्याकाळपर्यंत गावाला कळतं, अमक्याचा पोरगा फॉरेनला चालला.

खरी गाठ बसते नावात. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर वडिलांचं नाव. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. आमच्याकडे अजूनही बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. सासूबाईंनी नवं नाव ठरवूनही ठेवलेलं. प्रश्न असा की पासपोर्ट कुठल्या नावानं काढायचा? लग्नानंतर नव्या नावानं काढावा तर आधी आधार बदला, मग बँक, मग अर्ज. डिसेंबर हातचा जातो. उत्तर सोपं आहे. माहेरच्या नावानं पासपोर्ट काढायचा आणि त्याच नावानं तिकीट. कायद्यानं बायकोला नवऱ्याचं नाव लावायची सक्ती नाही, आणि डिसेंबर २०१६पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखलाही मागत नाहीत. केंद्रवाल्या पोरानं हे सासूबाईंना फार छान समजावलं. "काकू, तांदळात कोणतंबी नाव लिवा. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच, अक्षर न् अक्षर."

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, जी कुठल्याच पर्यटन कंपनीच्या पत्रकात नसते. ठशांची तारीख मेंदीच्या आधीची घ्यायची. बोटांच्या पेरांवर गडद मेंदी असली की यंत्राला ठसा नीट उमटत नाही आणि दुसरी तारीख घ्यावी लागते. म्हणून या मुलीचा पासपोर्ट साखरपुड्यानंतर लगेच झाला. विमानतळावरच्या इमिग्रेशनलाही कित्येक देशांत बोटं टेकवावी लागतात, तोवर रंग उतरलेला असतो.

व्हिसाचं ओझं आग्नेय आशियाच्या पट्ट्यात आता हलकं आहे आणि परदेश चुडाव्यापर्यंत पोचण्याचं ते मोठं कारण आहे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केला आणि जुलै २०२४पासून मुदत ६० दिवसांवर नेली. १ मे २०२५पासून मात्र आगमनाचं डिजिटल कार्ड आधी भरावं लागतं. मलेशियानं १ डिसेंबर २०२३पासून ३० दिवसांची सूट दिली आणि ती २०२६अखेरपर्यंत वाढवली. मालदीव, मॉरिशसलाही आधी व्हिसा नको. हे नियम सरकारं मनात येईल तेव्हा फिरवतात, म्हणून तिकिटाआधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात एकदा असं दोनदा बघून घ्यावं. युरोपचं तसं नाही. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४पासून ९० युरो, वर ३० हजार युरोचा विमा, बँकेची पुस्तकं, पगाराच्या पावत्या आणि ठशांसाठी पुणे-मुंबईची खेप. लग्नाच्या गडबडीत हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पॅरिस कुठं जात नाही.

मुंबई लांब, हैदराबाद जवळ

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुंबई येते. नांदेड भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र हैदराबाद येतं, आणि त्याला जुना इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. चुडाव्यावरून जाणारी ही रेल्वेसुद्धा १९००च्या सुमारास निजामाच्या राज्यातच, सिकंदराबाद ते मनमाड अशी मीटर गेजची लाईन म्हणून सुरू झाली. दवाखाना, मोती, लग्नाचा बस्ता यांसाठी हैदराबादला जायची सवय या भागात अजून आहे.

हिशेब मांडला तर सवय शहाणपणाची निघते. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई म्हणजे एक अख्खी रात्र. नांदेडहून देगलूरमार्गे रस्त्यानं हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, पाच तासांच्या आसपास. शमशाबादचा विमानतळ २००८मध्ये सुरू झाला. तिथून बँकॉक, क्वालालंपूर, सिंगापूर, दुबई, कोलंबो इथं थेट विमानं आहेत आणि बँकॉक सव्वातीन तासांत येतं. म्हणजे चुडाव्याहून मुंबईला पोचायला जितका वेळ लागतो, त्याहून कमी वेळात माणूस हैदराबादेतून बँकॉकला उतरू शकतो. नांदेडलाही विमानतळ आहे, पण तिथली सेवा कधी चालू कधी बंद. त्या भरवशावर आंतरराष्ट्रीय विमान जोडू नये.

चार ठिकाणांचं पत्रक

नांदेडच्या एका एजंटानं दिलेलं पत्रक ओसरीवर पसरलेलं होतं. आठ रात्री, नऊ दिवस. बँकॉक दोन, पटाया दोन, फुकेत दोन, क्राबी दोन. गुळगुळीत कागद, हत्ती, नारळाची झाडं, 'कँडललाइट डिनर' आणि पलंगावर टॉवेलचे हंस. नवऱ्या मुलाला हे पसंत होतं. "एवढ्या लांब जायलोत तर समदं बघून घेऊ." मराठी माणसाच्या प्रवासाचा हा स्थायीभाव आहे. केसरी टूर्स १९८४मध्ये आणि वीणा वर्ल्ड २०१३मध्ये सुरू झाली. अशा कंपन्यांनी आपल्या मध्यमवर्गाला हात धरून जग दाखवलं, आणि हात धरून दाखवायचं म्हटलं की सकाळी सहाचा वेक-अप कॉल आला, सामान दाराबाहेर आलं, यादीतल्या ठिकाणांवर टिका आल्या. काका-काकूंच्या सहलीला ते ठीकच आहे. मधुचंद्राला तो वेग कशाला?

मुलीला मी परभणीत भेटले, शाळा सुटल्यावर. तिनं गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर एकच गोष्ट मांडली होती. एक मुक्काम बदलायला किती तास लागतात. बँकॉक ते क्राबी विमान एक तास वीस मिनिटांचं, पत्रकात एवढंच लिहिलेलं. तिनं पुढचं मोजलं होतं. सकाळी नाष्टा, बॅगा भरणं, खोली सोडणं, टॅक्सीत तास-दीड तास कारण बँकॉकची रहदारी, विमानाच्या दोन तास आधी पोचणं, उतरल्यावर सामान, मग क्राबी विमानतळावरून आओ नांगला पाऊण तास, आणि हॉटेल खोली देणार तीन वाजता. फुकेत-क्राबी तर रस्त्यानंच तीन तास. चार ठिकाणं म्हणजे असे तीन दिवस, शिवाय जायचा आणि यायचा. नऊपैकी पाच दिवस सामानाच्या मागे.

"मॅडम, आमचं अजून एकमेकांशी नीट भांडणसुद्धा झालं नाही," ती म्हणाली. "ते तरी निवांत होऊ द्या की."

या एका वाक्यावर माझा लेख उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल. दोघांनी मिळून घेतलेला हा पहिलाच निर्णय. लग्नाचा हॉल वडिलांनी ठरवला, जेवणाचा बेत काकांनी, पत्रिका मामांनी, शालू आत्यानं. बॅग किती वेळा उघडायची, हे तरी त्यांना ठरवू द्यावं.

त्यांच्यात तह झाला तो असा. बँकॉकला तीन रात्री, क्राबीच्या किनाऱ्यावर पाच, आणि परतीच्या आदली एक रात्र पुन्हा बँकॉकला. शेवटची रात्र शहरात का? कारण बेटावरून किंवा किनाऱ्यावरून निघून त्याच दिवशी घरचं विमान पकडायचं म्हणजे जिवाला घोर. एक होडी किंवा एक विमान उशिरा आलं की पुढचं सगळं कोसळतं. त्यात बँकॉकला दोन विमानतळ, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. देशांतर्गत स्वस्त विमान बऱ्याचदा डॉन मुआंगला उतरवतं आणि परतीचं सुवर्णभूमीवरून असतं. शहराच्या दोन टोकांना. ही मेख पत्रकात कधी दिसत नाही.

मुलाला एक हौस होती. रेल्वेच्या गावचा असल्यानं बँकॉकहून रात्रीच्या गाडीनं दक्षिणेला सुरात थानीपर्यंत जायचं आणि तिथून बसनं क्राबी. साडेसहाशे किलोमीटरचा तो प्रवास देखणा आहे, हे मीही ऐकून आहे. तिनं फोनवरच निकाल लावला, "गाडीत रात्र काढायची तर देवगिरी काय वाईट?"

बँकॉकच्या तीन दिवसांतही तिनं रोज एकच गोष्ट ठेवली आहे. एक दिवस चाओ फ्राया नदीतली प्रवासी बोट आणि वाट फो, तिथल्या निजलेल्या बुद्धाची लांबी ४६ मीटर. एक दिवस बाजार. तिसऱ्या दिवशी आजीच्या प्रश्नाचं उत्तर: सिलोम रस्त्यावरचं मारिअम्मन देवीचं देऊळ आणि एरावन नावाचं, १९५६मध्ये उभारलेलं चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं ठाणं. आजीला हे सांगितलं तेव्हा तिचा विरोध निम्मा वितळला. "ब्रह्मदेवाचं देऊळ? आपल्याकडं तर कुठं दिसत नाही. बघून या."

क्राबीत पाच रात्री एकाच हॉटेलात. तिथून रायले नावाचा एक किनारा आहे, मागे चुनखडीचे सुळके असल्यानं रस्ता पोचत नाही, आओ नांगहून लांबट शेपटीच्या होडीनंच जायचं. फी फी बेटांची दिवसभराची फेरी एकदा. तिथली माया खाडी पर्यटकांच्या लोंढ्यानं इतकी खराब झाली की थाई सरकारनं २०१८मध्ये ती बंद केली, जानेवारी २०२२मध्ये उघडली आणि आता तिथं पोहायला मनाई आहे. बाकी तीन दिवसांपुढे वहीत काही लिहिलेलं नाही. मावसभावाला ती पानं अपुरी वाटली आणि त्यानं तिथं 'जेट स्की' लिहिलं. तिनं ते खोडलं.

मला विचाराल तर पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्यांना मी मलेशिया सुचवेन, आणि ते मी दोघांनाही सांगितलं. क्वालालंपूरला दोन-तीन दिवस. बातू गुहांपाशी २७२ पायऱ्या आणि मुरुगनची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती. तिथून विजेच्या गाडीनं चारेक तासांत बटरवर्थ, स्टेशनाबाहेरूनच फेरीबोट आणि पलीकडे पेनांग बेटावरचं जॉर्जटाऊन. २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं हे गाव पायी हिंडण्याचं; तमिळ खानावळीत केळीच्या पानावर भात मिळतो, त्यामुळे माळकरी माणसाचीही उपासमार होत नाही. मग छोट्या विमानानं लंकावी. डिसेंबर ते मार्च हा किनारा छान असतो. शहर, जुनं गाव, समुद्र, आणि मधे एक आगगाडी. मुलाचे डोळे आगगाडीवर लकाकले. पण थायलंडची हॉटेलं तोवर मनात ठरून गेली होती.

वाचकांत कुणाचं लग्न माघात असेल तर व्हिएतनाम बघा. ई-व्हिसा २५ डॉलरचा. दानांगला समुद्र, अर्ध्या तासावर कंदिलांचं होई आन, आणि जवळच मी सॉन इथं चंपा राजांची शिवमंदिरं. २०२०मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याच्या लोकांना तिथं नवव्या शतकातलं एकसंध शिवलिंग सापडलं. महाशिवरात्रीच्या सुमारास जाणाऱ्यांना घरून परवानगी मिळवायला एवढी बातमी पुरेल.

छत्तीस क्विंटल

खर्चाचा आकडा त्यांच्या वहीत पावणेदोन लाख. विमानं, हॉटेलं, खाणं, विमा, हैदराबादला जाणं-येणं सगळं धरून. वडिलांनी तो आकडा ऐकला आणि त्यांच्या ओळखीच्या चलनात बदलून घेतला. सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये. म्हणजे छत्तीस क्विंटल, तेही हमीभाव हातात पडला तर. ते पुढे काही बोलले नाहीत, पण ओसरीवर थोडा वेळ शेंगांचाच आवाज होता.

मुलगा स्वतःच्या पगारातून जाणार आहे. हे मी मुद्दाम लिहिते. कारण आजूबाजूला विचारल्यावर दुसरी तऱ्हाही ऐकायला आली. पॅकेजचे पैसे मुलीच्या बापानं भरायचे, आणि ते बोलणीत 'मानपान' म्हणून घालायचे. १९६१च्या कायद्यानं हुंडा बंद आहे, म्हणून तो आता विमानाच्या तिकिटाच्या रूपात येतो. मुलीच्या बापाच्या कर्जावर लोळलेल्या वाळूत कसला आला निवांतपणा!

पैशाच्या बाबतीत बँकेतला मुलगा पक्का आहे. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलं की कंपनी त्यावर टीसीएस हा आगाऊ कर कापते, त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलतो, आणि विवरणपत्र भरलं तर तो वळता होतो. हे न कळल्यानं लोक विवरणपत्र भरत नाहीत आणि पैसे सोडून देतात. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवं कार्ड फक्त देशातच चालतं, परदेशी वापर ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावा लागतो. ते विमानात बसायच्या आधी. तिकडे जाऊन ओटीपी न आल्यानं हताश बसलेली माणसं त्याच्या शाखेत फोन करतात. कार्डावर परकी चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, म्हणून थोडे थाई बात नांदेडहून, बाकी फॉरेक्स कार्ड. आपलं यूपीआय फेब्रुवारी २०२४पासून श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये दुकानांत चालू झालं, सिंगापूर आणि दुबईतही बऱ्याच ठिकाणी चालतं. पण सगळ्या जगात चालतं असं समजून खिसा रिकामा ठेवू नये.

खोबरं, सोनं आणि खारं पाणी

बॅग भरायचं काम बायकांनी हातात घेतलेलं. शेंगदाण्याची चटणी, दशम्या, मेतकूट, सुशिला करायला मुरमुरे. वजनाची मर्यादा सांगितल्यावर मुरमुऱ्यांना काय वजन, असं उत्तर. लोणचं तेलाचं म्हणून विमानाच्या पोटातल्या सामानात, पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत. आणि ओटीत आलेली खोबऱ्याची वाटी नवी नवरी श्रद्धेनं बॅगेत ठेवते, ती ठेवू नका. सुकं खोबरं तेलकट, पटकन पेट घेणारं म्हणून विमानाच्या चेक-इन सामानात त्याला मनाई आहे. सिंगापूरला जाणार असाल तर दाजींची तंबाखूची पुडी चुकूनही नको. चघळायची तंबाखू तिथं गुन्हा आहे.

सोन्याचंही तसंच. लग्नात अंगावर घातलेलं सगळं घालूनच फोटो काढायचे, अशी सासूबाईंची इच्छा. जड दागिने घेऊन जायचं तर निघताना कस्टमकडून ते इथलेच असल्याचा दाखला घ्यावा, नाहीतर येताना शुल्काची बोलाचाली. शेवटी छोटं मंगळसूत्र आणि काचेच्या बांगड्या यावर तडजोड झाली. समुद्रात अंगठी बोटातून सहज निसटते, हा मुद्दा मी टाकला आणि तो लागू पडला.

पाण्याबद्दल मात्र ओसरीवरची बेफिकिरी मला बोचली. मुलगा विहिरीत पोहायला शिकलेला, मुलीला पोहता येत नाही. विहिरीचं पाणी एका जागी असतं. समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह असतो, त्याच्याविरुद्ध हात मारत राहिलं की दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्यातून बाहेर पडायचं असतं. लाल झेंडा लावला असेल तर गुडघ्याएवढ्या पाण्यातही जायचं नाही. हे ऐकताना मुलगा पहिल्यांदाच गप्प झाला. स्कूटर भाड्यानं घ्यायचा बेतही तसाच सैल होता. परभणीच्या आरटीओतून १००० रुपयांत वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, थायलंडमध्ये तो चालतो, व्हिएतनाममध्ये आपला चालत नाही. परवान्याशिवाय पडलात तर विमा कंपनी हात वर करते आणि तिथल्या दवाखान्याचं बिल छत्तीस क्विंटलात मावत नाही.

जेवणाचं काय? थायलंडमध्ये भाजीतही माशाचं पाणी घालतात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' असेल तिथं मात्र अजिबात सामिष नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. आजी खूश. नातू नाराज, त्याला मासेच खायचे आहेत आणि ते घरी सांगायचं नाही.

राहिला फोन. रोज रात्री व्हिडिओ कॉल करायचा, असा सासूबाईंचा हुकूम. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे. इथं जेवणं, भांडी, मालिका आटोपून साडेनऊला सगळे जमणार, तेव्हा तिथं अकरा वाजलेले. मुलीनं ते गणितही सोडवलं आहे. कॉल संध्याकाळी सहाला, इथल्या साडेचारला, चहाच्या वेळी. तेव्हा घरात फक्त आजी आणि सासूबाई असतात.

मी निघाले तेव्हा चर्चा पोचवायला कोण जाणार यावर आली होती. क्रूझर सांगायची, हे ठरलेलं. दाजी, ताई, त्यांची दोन लेकरं, मावसभाऊ, मामा, आत्या, आई-वडील, आणि आजीसुद्धा. विमानतळाच्या आत तिकिटाशिवाय सोडत नाहीत, असं मी सांगून पाहिलं.

"आत कोणाला जायचंय?" दाजी म्हणाले. "हे गेले की आम्ही सालारजंग बघू, चारमिनार करू, रात्री वापस."

मावसभावानं फोनवर पाहिलं आणि सांगितलं, सालारजंग म्युझियम शुक्रवारी बंद असतं. तिकीट शुक्रवारचंच बघून ठेवलेलं, त्या दिवशी स्वस्त म्हणून. मुलगा आत जाऊन फोन लावून आला. शनिवारचं दोघांचं मिळून अठराशे रुपयांनी महाग होतं.

"काय म्हणाली?" आईनं विचारलं.

"म्हणाली, शनिवारचं काढा. पण मग यायची तारीखबी एक दिवस पुढं."